‘पाठलाग’ : एक आशाभंग

राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’विषयी प्रतिकूल लिहावयाचे म्हणजे आमचे मन थोडे कचरते. १९६४ सालच्या या बोलपटास राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. १९६५ साली त्याचा तमिळ व १९६६ साली ‘मेरा साया’ या नावाने हिंदी अवतार निघाला. आमच्या लहानपणी घरातील वडील मंडळी त्याचा शेवट सांगू लागली की, ‘मुलांसमोर नको’ म्हणून कोणीतरी त्यांस अडवीत असे. इतक्या जपून ठेवलेल्या रहस्याच्या दर्शनाचा योग आम्हांस परवा टेंभी नाक्यावरील एका स्नेह्यांच्या घरी आला. नायक डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे नाव ठाण्यातील नाट्यगृहास दिलेले असल्यामुळे ठाणेकरांस या चित्राचे अंमळ अधिक अगत्य. घरातील झाडून सारी माणसे जमली होती. चित्र संपले तेव्हा आम्ही गप्प होतो. पण ते मौन तृप्तीचे नव्हते.

ज्यांनी हे चित्र पाहिले नसेल त्यांनी पुढील मजकूर तूर्त वाचू नये हे बरे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून घेतलेली ही कथा. एका वकिलाची पत्नी निवर्तली आहे; आणि काही काळाने थेट तिच्यासारखीच दिसणारी एक स्त्री आरोपी म्हणून न्यायालयात उभी राहून म्हणते, ‘मीच यांची पत्नी.’ पतिपत्नींखेरीज तिसऱ्यास ठाऊक नसाव्यात अशा गोष्टी ती सांगते. येथवर चित्राची पकड विलक्षण आहे. भावना यांच्या मुद्रेवरील व्याकुळता आणि घाणेकरांच्या डोळ्यांतील संशय यांचा सामना पाहताना आम्ही हातातील चहाचा पेला विसरलो होतो. आणि मग उलगडा होतो : जुळी बहीण!

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथाकारांसाठी दहा नियम घालून दिले. पूर्वसूचना दिल्यावाचून जुळी भावंडे आणू नयेत, हा त्यांतील शेवटचा. नियम काहीसे विनोदाने केलेले असले तरी त्यामागील न्याय खरा आहे. वाचकाने तर्क लढवावा आणि लेखकाने हुकमाचे पान अस्तनीत दडवून ठेवावे, हा सरळ खेळ नव्हे. शेक्सपिअरने ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये जुळ्यांची हकीकत पहिल्याच प्रवेशात सांगून टाकली आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

तथापि आमची खरी तक्रार याहून निराळी आहे. मेलेले माणूस परत येणे हा विषय मराठी मनास नवा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्यास १७७६ साली देहान्त शासन झाले. परंतु पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू अखेरपर्यंत मानला नाही. तेथे ओळखीचा प्रश्न एका स्त्रीच्या अवघ्या आयुष्यास व्यापून उरला. ‘पाठलाग’मध्ये हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो : पती आपल्या पत्नीस कशावरून ओळखतो? जिच्याशी संसार केला ती समोर उभी असता तो तिच्यापाशी पुरावा मागतो आणि दुसरीच्याच मृत्यूचा शोक करीत राहतो, हे केवढे दारुण! जुळ्या बहिणीची युक्ती पुढे करून चित्रकर्त्यांनी या प्रश्नाच्या तोंडावर दार लावून घेतले आहे. चेहराच एक, मग बिचाऱ्या नवऱ्याचा दोष तो काय, असे म्हणावयास सारे मोकळे.

माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशा भोसले यांचा आवाज यांनी अजरामर केलेल्या या चित्रातील गीतात पत्नीचे डोळे पतीभोवती सदैव फिरत राहतात. त्या काळात पतीचे डोळे कोठे होते, हे विचारण्याचे धैर्य ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘जगाच्या पाठीवर’ देणाऱ्या दिग्दर्शकाने दाखवावे, अशी आमची अपेक्षा होती. ती अवाजवी असेलही.

हे सारे आम्ही तेथे बोलून दाखविले, तेव्हा तरुणांनी मान डोलावली. आमच्या स्नेह्यांच्या मातोश्रींनी हे चित्र नवे असतानाच पाहिले होते. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘ती पहिल्यापासून खरंच सांगत होती रे. आम्हां बायकांना ते तेव्हाच कळलं होतं.’’