चाळणीतून उरलेले ध्यान

आयुष्यभर ज्या विषयावर श्रद्धा ठेवली त्यालाच चाळणी लावावयास निघालेले ग्रंथकार विरळा. डॅनियल गोलमन आणि रिचर्ड डेव्हिडसन यांच्या 'ऑल्टर्ड ट्रेट्स' (२०१७) या इंग्रजी ग्रंथाचे पहिले मोठेपण हेच होय. गोलमन मानसशास्त्राचे अभ्यासक आणि पत्रकार. डेव्हिडसन विस्कॉन्सिन विद्यापीठात मेंदूचे संशोधक. दोघेही हार्वर्डचे विद्यार्थी, आणि दोघांनीही १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात येऊन सत्यनारायण गोएंका यांच्या शिबिरांत ध्यान केलेले. पुढे इगतपुरीस ज्यांचे केंद्र उभे राहिले तेच हे गोएंका. अशा दोघांनी ध्यानावरील सहा हजारांहून अधिक शोधनिबंध पुढ्यात घेतले आणि काटेकोर कसोटीस उतरणारे म्हणून त्यांतले साठेकच हाती ठेवले. शेकडा एक! उरलेल्यांत त्यांच्या स्वतःच्या तरुणपणचे लेखनही जाते, आणि ते त्यांनी मोकळेपणाने जाऊ दिले आहे.

या चाळणीचे वर्णन हा ग्रंथाचा सर्वांत सकस भाग आहे. प्रश्न वरवर साधा आहे. आठ आठवडे काही माणसे एकत्र जमतात, उत्साही शिक्षक लाभतो, घरी करावयाचा पाठ मिळतो, बरे वाटेल अशी आशा असते. अखेरीस त्यांना विचारले की बरे वाटते का, तर ती होकार देतात. हा गुण ध्यानाचा की त्या सोबतीचा? कार्यालयातल्या फायलींतून सुटून आठवडाभराच्या प्रशिक्षणवर्गास जाऊन आलेल्या आपल्यापैकी कोणासही ठाऊक असेल की तिथे काय शिकविले यावर परतताना वाटणारा तजेला फारसा अवलंबून नसतो. डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेने म्हणून एक तुल्य कार्यक्रम रचला. तेवढेच तास, तेवढाच घरचा अभ्यास, आपल्या विषयावर तेवढीच निष्ठा असलेले शिक्षक. मात्र त्यात व्यायाम, संगीत आणि आहारविचार, ध्यान मुळीच नाही. फळ असे आले की मनाचा ताण किती उतरला हे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकले तर दोन्ही गट सारखेच. परंतु मनावर मुद्दाम ताण आणून मिरचीतील तिखट द्रव्याचा लेप त्वचेवर लावला, तेव्हा ध्यान शिकलेल्यांच्या त्वचेचा दाह कमी भरला. मन जे सांगते ते आणि कातडी जे सांगते ते निराळे निघावे, ही गोष्ट ग्रंथकारांनी जितक्या शांतपणे सांगितली आहे तितकी ती शांत नाही.

मराठी वाचकाने हा ग्रंथ आपल्याकडील जुन्या कामाशेजारी ठेवून वाचावा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो हे त्यांनी मोजून दाखविले. बस्तीत पाणी वर का चढते याचे ते उत्तर होते. त्या निर्वाताला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. गुरुभक्ती नाव देण्यापुरती आणि मोजमाप मोजमापाच्या जागी, हा विवेक मला फार आवडतो. पुढे १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बाळ कृष्ण आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योग्यांच्या मेंदूचे विद्युत्-आलेख घेतले. दोन योग्यांनी हात बर्फगार पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ ठेवला, तरी त्यांच्या आलेखातील अल्फा लहरी ढळल्या नाहीत. त्याच वर्षी वेंगर, बागची आणि आनंद यांनी हृदय बंद पाडण्याचा दावा तपासला. नाडी लागेनाशी झाली खरी, परंतु हृदय चालूच होते. छातीतील दाब वाढवून रक्ताचा परतीचा ओघ रोखला गेला होता. चमत्कार गेला आणि त्याहून मनोरंजक अशी एक युक्ती हाती आली.

ही शिस्त 'ऑल्टर्ड ट्रेट्स'च्या उत्तरार्धात सैल पडते. तिबेटी साधक मिंग्यूर रिंपोचे मॅडिसनच्या प्रयोगशाळेत येतात तेथून लेखणीला भरते येते. बासष्ट हजार तासांची साधना, मेंदूत उसळलेल्या गॅमा लहरी, एक्केचाळिसाव्या वर्षी तेहेतीस वर्षांच्या माणसासारखा मेंदू: हे सारे वाचताना रोमांच उभे राहतात, ही तक्रार नव्हे. तक्रार ही की पूर्वार्धात जे प्रश्न विचारले ते येथे ओठांवरच राहतात. साठ हजार तास बसू शकणारा माणूस बसण्यापूर्वीच निराळा नव्हता कशावरून? गॅमा लहरींचा जो निबंध २००४ मध्ये गाजला त्यात साधक आठ होते आणि तुलनेला दहा विद्यार्थी. नवशिक्यांसाठी बारीक जाळीची चाळणी आणि सिद्धांसाठी रोवळी, असा हा प्रकार आहे. जेथे प्रेम आहे तेथे पुरावा थोडा चालतो, हे वाङ्मयसमीक्षेतही आपण पाहतोच. पण समीक्षक निदान आकडे देत नाही.

ग्रंथाच्या नावातील कल्पना मात्र टिकाऊ आहे. ध्यान चालू असतानाची अवस्था वेगळी आणि ध्यान संपल्यावर, बाजारात, भांडणात, वरिष्ठांच्या खोलीत उरणारा स्वभावधर्म वेगळा. या 'ट्रेट'ला मराठीत काय म्हणावे? रसचर्चेत मुरलेल्या वाचकास 'स्थायीभाव' सुचेल, परंतु तो जन्मजात मानलेला. अभ्यासाने रुजणाऱ्या गोष्टीला आपल्या योगशास्त्रात 'संस्कार' असा शब्द तयार आहे. तो घेतला की ग्रंथाचा अर्धा नवेपणा ओसरतो आणि उरलेला अर्धा अधिक स्पष्ट दिसतो: संस्कार पडला की नाही हे बाहेरून तपासता येईल का, हा तो प्रश्न.

तो केवळ पांडित्याचा नाही. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कार्यालयांसाठी पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' आणला, त्यात ध्यानही आहे. पाच मिनिटांनी कोणाचे वाईट होत नाही. परंतु परक्या गावी एकट्या पडलेल्या, झोप उडालेल्या एखाद्या सहकाऱ्याने असा ग्रंथ वाचून डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या तर? २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसे तपासली गेली. चिंता, खिन्नता आणि वेदना यांवर मध्यम बळाचा पुरावा मिळाला. औषध किंवा व्यायाम यांहून ध्यान सरस ठरल्याचा मिळाला नाही. ब्रिटनमधील ८५ शाळांतील आठ हजारांवर मुलांपैकी सुमारे निम्म्यांना अवधानाचे पाठ देऊन पाहिले, त्याचा २०२२ चा निष्कर्षही निराशेचाच होता.

त्याच वर्षी खुद्द डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेतून एक निबंध बाहेर पडला. २१८ माणसे, आठ आठवड्यांचे शिक्षण, आणि मेंदूच्या रचनेत ध्यानामुळे म्हणता येईल असा बदल नाही. अनेक लोकप्रिय पुस्तकांचा पाया ज्या कल्पनेवर आहे तिलाच हा धक्का, आणि तो ज्याने दिला तो ध्यानाचा कट्टर प्रेमी. ग्रंथाच्या पूर्वार्धातील डेव्हिडसन ते हेच. नव्या आवृत्तीत या निबंधाला सविस्तर जागा मिळावी. त्यासाठी मिंग्यूर यांच्या प्रकरणातली काही पाने कमी करावी लागली तरी माझी हरकत नाही.