मराठी बालसाहित्यातील भयाचे स्थान : विक्रम-वेताळ ते अलबत्या गलबत्या

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेत संस्कार, रंजन व विज्ञानदृष्टी यांची चर्चा विपुल झाली. भयाकडे मात्र तिने बहुतांशी वर्ज्य विषय म्हणूनच पाहिले. वास्तविक मुलांना भीतीचे आकर्षण असतेच. ते पुस्तकातून भागले नाही तर अन्यत्र भागते. जतसारख्या सीमावर्ती तालुक्यात ते मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांतील गप्पांतून भागते. कन्नडमध्ये भुतालाच 'देव्व' म्हणतात. मराठीतला 'देव' आणि कन्नडमधला 'देव्व' येथे एकाच ओसरीवर नांदतात.

लिखित स्वरूपात या भुकेची नियमित सोय 'चांदोबा'ने केली. मराठीत १९५२ पासून निघालेल्या या मासिकात विक्रम-वेताळाची चौकट दीर्घकाळ टिकली. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या कथा पंचवीस असून त्यांना शेवट आहे. 'चांदोबा'तील राजा मात्र दर महिन्याला पुन्हा झाडाकडे जाई, प्रेत खांद्यावर घेई आणि स्मशानाची वाट धरी. शंकर यांचे ते चित्र ज्याने पाहिले त्याला आतली गोष्ट आठवेलच असे नाही. खांद्यावरचे प्रेत मात्र आठवते. या चौकटीचे मर्म वेताळाच्या अटीत आहे. उत्तर ठाऊक असून गप्प राहिल्यास मस्तकाची शकले होतील आणि बोलल्यास वेताळ निसटेल. राजा दर वेळी बोलतो. हाकामारीची दंतकथा याच्या नेमकी उलट आहे, कारण ती मुलाला हाकेला 'ओ' देऊ नकोस असे बजावते. एक भय मुलाला गप्प करते, तर दुसरे त्याच्याकडून विचारपूर्वक उत्तर मागते. अशा साहित्याने अंधश्रद्धा वाढते हा आक्षेप नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येच्या आणि जादूटोणाविरोधी कायद्याच्या २०१३ या वर्षानंतर हलका मानता येणार नाही. तथापि तो हाकामारीला जितका लागू पडतो तितका वेताळाला लागू पडत नाही. पुस्तक मिटता येते. समजुतीला मुखपृष्ठ नसते.

रंगभूमीवर रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी वेगळी वाट काढली. 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण प्रथम दिलीप प्रभावळकर यांनी आणि २०१८ च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी रंगविली. पुरुष नटाने साकारलेली ही चेटकीण हास्यास भयावर मात करू देते. नाट्यगृहात शेकडो मुलांसोबत बसून भिणे सोपे असते; एकट्याने वाचताना भिणे निराळे. त्या एकट्या वाचकासाठी मराठीत फारसे लेखन झालेले नाही. इंग्रजीत आर. एल. स्टाईन यांची 'गूसबम्प्स' मालिका १९९२ मध्ये सुरू झाली आणि नील गेमन यांची 'कोरलाइन' २००२ मध्ये आली. मराठी मूल मात्र 'चांदोबा'वरून थेट नारायण धारपांच्या प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांवर जाई, आणि तेही बहुधा घरच्यांच्या नकळत. धारपांच्या 'समर्थ' कथांत अमानुष शक्तीचा बंदोबस्त करणारा एक जाणता पुरुष असतो. त्यामुळे किशोरवयीन वाचक तेथे निर्धास्तपणे भिऊ शकतो, ही त्या कथांची दुर्लक्षित बाजू होय.

खंत आहे ती मतकरींच्या बाबतीत. बालनाट्य आणि गूढकथा या दोन्ही प्रकारांवर त्यांच्याइतकी हुकमत अन्य मराठी लेखकात क्वचितच आढळते. तरीही 'खेकडा'चा लेखक आणि 'निम्मा शिम्मा राक्षस'चा लेखक यांच्यामध्ये त्यांनी भिंत राखली. बारा वर्षांच्या वाचकाला हवे असलेले पुस्तक त्या भिंतीतच राहिले.