ऊन नसलेला इतिहास

बैठ्या खेळांचें आणि उन्हाळ्याचें नातें आपल्याकडे जुनें आहे. दुपारीं बाहेर पाऊल टाकणें अशक्य झालें, कीं खिडक्या लावून घ्यावयाच्या, फरशी ओल्या फडक्यानें पुसावयाची आणि पत्ते, सोंगट्या किंवा बुद्धिबळें मांडावयाचीं, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या खेळांत धांवावें लागत नाहीं, हें त्याचें एक कारण. परंतु दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. या खेळांत वाट पाहावी लागते. दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत स्वस्थ बसावें, हा त्यांचा नियमच आहे. आणि वैशाखांतील दुपारहि मनुष्याकडून याहून वेगळें कांहीं मागत नाहीं.

आतां या पंगतींत संगणकावरील खेळहि येऊन बसले आहेत. त्यांतील पुष्कळ केवळ हाताच्या चपळाईचे असतात. परंतु सिड मायर व ब्रूस शेली यांनीं १९९१ सालीं अमेरिकेंत ‘सिव्हिलायझेशन’, म्हणजे संस्कृति, या नांवाचा जो खेळ रचला, त्याचा पिंड बुद्धिबळाचा आहे. इ. स. पूर्वीं ४००० या वर्षीं एका टोळीनिशीं आरंभ करावयाचा, नगर वसवावयाचें, आणि शेती, लिपि, चाक, राज्यपद्धति, यंत्रें असा प्रवास करीत आपल्या काळापर्यंत पोहोंचावयाचें, असा त्याचा थाट आहे. या मालिकेंतील सहावा खेळ २०१६ सालीं निघाला, आणि त्यास ‘गॅदरिंग स्टॉर्म’ नांवाची पुरवणी २०१९ सालीं जोडण्यांत आली. २०२५ सालीं सातवाहि आला. तरी येथें विचार करावयाचा तो सहाव्याचा व त्याच्या पुरवणीचा. मूळच्या खेळांतहि प्रदूषणानें पृथ्वी तापत असे. पण हवामान हाच खेळाचा मुख्य विषय करण्याचें धाडस या पुरवणीनें केलें आहे.

नागपुरास मे महिन्यांत, पारा ४५ अंशांच्या आसपास असतां, आम्ही चार भावंडांनीं हा खेळ एकाच यंत्रावर खेळून पाहिला. ज्याची पाळी असेल त्यानें खुर्चींत बसावें, चाल संपतांच उठून दुसऱ्यास जागा द्यावी, अशी सोय खेळांत मुद्दाम ठेविली आहे. तिला इंग्रजींत ‘हॉट सीट’, म्हणजे तापलेली खुर्ची, असें म्हणतात. नागपुरांत हें नांव अलंकारिक उरत नाहीं. एकाचें राज्य दुसऱ्यास दिसूं नये म्हणून उरलेले तिघे पलीकडच्या खोलींत कूलरपुढें बसून राहत. पहिल्या पाळ्या झटपट उरकल्या; नगरें वाढल्यावर एकेक पाळी दहा-पंधरा मिनिटें चालूं लागली.

या खेळाचा खरा रस त्या पंधरा मिनिटांत आहे, असें आमचें मत झालें. यंत्राशीं एकटें खेळणारास प्रतिपक्षाविषयीं विचार करण्यास सवडच मिळत नाहीं. येथें मात्र भिंतीपलीकडे आपला भाऊ काय योजीत असेल, आपल्या सीमेवर त्यानें सैन्य कां आणिलें असेल, याचा तर्क करीत पडून राहावें लागतें. घड्याळ लावून सर्वांनीं एकदम चाल करण्याचीहि रीत आहे, आणि दूरदूरचे खेळाडू बहुधा तीच पत्करतात. तिच्यांत विचारी मनुष्य मागें पडतो व चपळ हाताचा पुढें जातो. म्हणजे खेळ आपल्या मूळ स्वभावालाच मुकतो.

पुरवणीचा गुण डावाच्या उत्तरार्धांत दिसूं लागतो. कोळसा व तेल जाळल्याविना कारखाने भरभराटीस येत नाहींत. आणि तीं जाळलीं कीं टप्प्याटप्प्यानें समुद्र चढतो, किनाऱ्यावरील सखल भूमि प्रथम पुरांत सांपडते व पुढें कायमची बुडते. कोणीं किती धूर सोडला, याचा हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. तो पाहून आमच्यापैकीं कोणीं हात आवरला काय? मुळींच नाहीं. जो पहिल्यानें कोळसा सोडील तो मागें पडेल, या भयानें प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत राहिला. सर्वांत कमी कोळसा जाळणाऱ्या धाकट्या बहिणीचें किनाऱ्यावरील नगर मात्र आधीं पाण्याखालीं गेलें. तिनें कोणास दोष दिला नाहीं. पण त्यानंतर कांहीं वेळ तिघांपैकीं कोणालाहि तिच्याकडे पाहवेना. शेंकडों व्याख्यानांनीं जें मनावर ठसत नाहीं, तें या खेळानें एका दुपारीं ठसविलें. हें यश लहान नव्हे.

मात्र याच पुरवणीचें सर्वांत मोठें वैगुण्यहि उन्हाळ्यांतच ध्यानांत येतें. तिच्यांत पूर आहेत, ज्वालामुखी आहेत, हिमवादळें, धुळीचीं वादळें, चक्रीवादळें आणि अवर्षण आहे. ऊन मात्र नाहीं. पृथ्वी तापते म्हणजे समुद्र चढतो व वादळें वाढतात, पण मनुष्याला उकडत नाहीं. शेतें व खाणी सिद्ध करणारा कामगार आपलीं ठराविक तीन कामें भर वाळवंटांतहि नदीकांठच्या इतक्याच तत्परतेनें उरकतो. सैन्य दुपारीं थांबत नाहीं. थांबणार तरी कसें? आरंभीची एक पाळी चाळीस वर्षांची असते. ज्या कालगणनेंत चाळीस उन्हाळे एका टिचकीसरशीं संपतात, तींत वैशाख कोठें सांपडावा?

यावर कोणी म्हणेल कीं, बुद्धिबळांत तरी ऊन कोठें आहे? परंतु बुद्धिबळ मानवजातीचा इतिहास सांगण्याचा दावा करीत नाहीं. हा खेळ तो नांवापासूनच करितो, आणि हवामानाचा हिशेब मांडण्याचेंहि त्यानें स्वखुशीनें पत्करिलें आहे. अहमदाबादेस मे २०१० मध्यें उष्णतेची लाट आली, तेव्हां त्या महिन्यांत नेहमींपेक्षां तेराशेंहून अधिक माणसें दगावलीं. असली आपत्ति यादींतून सुटावी, याचें कारण उघड आहे. वादळानें मोडलेलें शेत पटावर रंगवितां येतें. उष्म्यानें घर पडत नाहीं, पूल वाहून जात नाहीं; मजूर सांवलीस बसतो, आणि कधीं उठत नाहीं. जी हानि नकाशावर उमटत नाहीं, ती या खेळाच्या लेखीं झालेलीच नसते. वास्तविक त्याच शहरानें २०१३ सालीं आगाऊ इशारा, लोकशिक्षण आणि डॉक्टरांची तयारी अशी उष्म्याशीं झगडण्याची योजना आंखली. हा राज्यकारभाराचाच भाग आहे, आणि राज्यकारभार हाच तर या खेळाचा विषय!

हिंदुस्थानच्या वांट्यास येथें बारव ही खास वास्तु आली आहे. तिनें अन्न वाढतें, वस्तीस जागा होते, आणि अवर्षणांतहि तिच्यामुळें अन्न घटत नाहीं. रचनाकारांनीं ही निवड अभ्यासपूर्वक केली आहे यांत शंका नाहीं. परंतु भर दुपारीं बारवेच्या पायऱ्या उतरणाऱ्यास पाण्याच्याहि आधीं जो भेटतो, तो गारवा. पटावर तेवढाच मोजावयाचा राहून गेला.

हें सारें आम्हांला कळलें तें मात्र खुर्चींत नव्हे, कूलरपुढें. अर्ध्या डावांत त्याची टांकी कोरडी झाली. वारा उष्ण येऊं लागल्याचें चौघांनाहि समजलें होतें. प्रत्येक जण म्हणे, “माझी एवढी पाळी होऊं दे, मग भरतों.” शेवटीं खेळांत जिला राज्य नव्हतें त्या आजीनें न बोलतां दोन बादल्या आणून ओतल्या, आणि पदरानें कपाळ टिपीत ती आंत गेली. समुद्र चढत असतां कोळसा न सोडणारे आम्ही ते हेच, हें ओळखावयास फार विचार करावा लागला नाहीं.

मुलांच्या हातीं हा खेळ द्यावा कीं नाहीं, असें पालक विचारतील. आमचें उत्तर, अवश्य द्यावा. पण घड्याळाशिवाय, आणि शक्य तर चौघांना एका घरांत बसवून. दुसऱ्या दिवशीं आम्ही डावास आमचा एक नियम जोडला : पाळी संपवून उठणारानें प्रथम एक बादली पाणी आणावें, मगच दुसऱ्यानें खुर्चींत बसावें. डाव बराच लांबला. टांकी मात्र पुन्हां कोरडी झाली नाहीं.