जांभळ्या गारगोटीची देवी
पाश्चात्त्य जादूविधींची जी पुस्तके आम्ही चाळली, त्यांत ॲमेथिस्ट हा खडा डायना देवीचा मानला आहे. आधार एका ‘प्राचीन’ कथेचा: मद्यदेव बॅकसपासून वाचवण्यासाठी डायनाने एका युवतीचा स्फटिक केला, त्याने त्यावर मद्य ओतले, स्फटिक जांभळा झाला. वास्तविक ही कथा रेमी बेलो या फ्रेंच कवीच्या १५७६ सालच्या काव्यातली. ‘नशा न आलेला’ हा नावाचा अर्थ तेवढा ग्रीक.

आणि रंग? ॲमेथिस्ट म्हणजे गारगोटीच. तिच्यातील किंचित लोहावर खडकांतील नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम होऊन ती जांभळी होते. सुमारे ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास ती बहुधा पिवळी पडते व ‘सिट्रीन’ म्हणून विकली जाते. मग भट्टीत देवीही बदलली म्हणायची का? कथा वर्गात जरूर सांगू. पुरावा म्हणून कोणी पुढे केली, तर आधी तिचे जन्मसाल विचारू.