नाताळची जाहिरात, ओरांगउटान आणि पामतेल

ब्रिटनमध्ये नाताळच्या आधी मोठ्या दुकानांत एक वेगळीच स्पर्धा चालते. मालाचे भाव सांगण्याऐवजी डोळ्यांत पाणी आणणारी एक छोटी गोष्ट दूरदर्शनवर सांगायची आणि शेवटी दुकानाचे नाव दाखवायचे, अशी ती स्पर्धा. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'आइसलँड' या दुकानांच्या साखळीने निवडलेली गोष्ट मात्र निराळी होती. (या नावाच्या देशाशी साखळीचा संबंध नाही. गोठवलेल्या खाद्यपदार्थांसाठी ती ओळखली जाते.) या गोष्टीत भेटवस्तू नव्हत्या की मेजवानी नव्हती. होते ते ओरांगउटानचे एक पिल्लू.

चित्रफीत जेमतेम दीड मिनिटाची आहे. एका लहान मुलीच्या खोलीत हे पिल्लू शिरते, खेळण्यांशी खेळते, कुंडीतली झाडे उपटते, चॉकलेट फेकून देते, शांपू पाहून ओरडते. मुलगी वैतागून त्याला जायला सांगते आणि मग विचारते, तू इथे आलेच का? येथे चित्रांचे रंग बदलतात. काळवंडलेले जंगल, यंत्रे, आग आणि आई गमावलेले पिल्लू दिसते. तुमच्या खाण्यासाठी आणि शांपूसाठी लागणाऱ्या पामतेलापायी आमचे जंगल गेले, असे ते सांगते. यमकात बांधलेले निवेदन एमा थॉम्प्सन या अभिनेत्रीच्या आवाजात आहे. रोज २५ ओरांगउटान आपण गमावतो, त्यांना ही चित्रफीत अर्पण केली आहे, असे शेवटी येते.

मुळात ही चित्रफीत 'ग्रीनपीस' या संघटनेची. दूरदर्शनवरील जाहिराती आधी तपासणाऱ्या 'क्लिअरकास्ट' या संस्थेने तिला मंजुरी दिली नाही. कारण आशयाचे नव्हते. ब्रिटनच्या २००३च्या कायद्यानुसार राजकीय जाहिरातींना दूरदर्शनवर मनाई आहे आणि चित्रफितीचा ग्रीनपीसशी असलेला संबंध त्या नियमाच्या आड येत होता. लोकांपर्यंत मात्र एकच शब्द पोहोचला: 'बंदी'. मग ती कोट्यवधी वेळा पाहिली गेली आणि लाखो लोकांनी तिच्या बाजूने सह्या केल्या. दूरदर्शनवर दाखवून झाली नसती एवढी तिची प्रसिद्धी न दाखवल्याने झाली.

शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर या चित्रफितीतली एक गोष्ट आम्हांला फार आवडली. चॉकलेट आणि शांपू या वस्तू आपल्याला दोनदा भेटतात. पहिल्यांदा त्या खोडकरपणाचे निमित्त असतात, दुसऱ्यांदा पुरावा. आधी कोडे घालायचे आणि मग उलगडायचे, ही चांगल्या पाठाचीच रीत आहे. हजारो किलोमीटरवरचे जंगल आणि न्हाणीघरातली बाटली यांचा संबंध पाठ्यपुस्तकातल्या दोन पानांनी जेवढा ठसत नाही, तेवढा येथे ठसतो.

पण जाहिरात विज्ञानाच्या नावाने बोलू लागली की तिला विज्ञानाचे प्रश्न विचारायला हवेत. पहिला प्रश्न आकड्याचा. बोर्निओ बेटावर १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत सुमारे १,४८,५०० ओरांगउटान कमी झाले, असा अंदाज २०१८ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकातील अभ्यासाने मांडला. मुलांनाच भागाकार करू द्यावा. सोळा वर्षांचे दिवस ५,८४०; उत्तर येते रोज साधारण २५. म्हणजे आकडा हवेतला नाही. जंगलात हे प्राणी एकेक करून मोजता येत नाहीत. ते झोपण्यासाठी झाडांवर घरटी बांधतात, ती घरटी मोजून संख्येचा अंदाज बांधावा लागतो, हेही वर्गात सांगण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न कारणाचा, आणि येथे चित्रफीत कमी पडते. त्याच अभ्यासाचे म्हणणे असे: जेथे जंगल तोडून शेती वा मळे झाले, तेथे घट सर्वांत वेगवान होती, पण संख्येने पाहता बहुतेक प्राणी उभ्या जंगलांतून नाहीसे झाले. तेथे शिकार आणि माणसाशी होणारा संघर्ष ही कारणे संभवतात. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदाच पिल्लाला जन्म देते. त्यामुळे थोड्या हत्याही संख्या खाली आणतात. पामतेल निर्दोष ठरते असा याचा अर्थ नाही. परंतु रोजच्या पंचविसांचा सगळा हिशेब शांपूच्या बाटलीवर मांडता येत नाही. चित्रफीत तसे शब्दांत म्हणत नाही, पण पाहणारा तेच समजून उठतो.

तिसरा प्रश्न उपायाचा. आइसलँडने २०१८ अखेरपर्यंत स्वतःच्या नावाच्या पदार्थांतून पामतेल काढण्याचे जाहीर केले होते. म्हणजे पामतेल टाळा, प्राणी वाचवा. पण त्याच्या जागी काय वापरायचे? तेलताडाच्या एका हेक्टरमधून वर्षाला तीन ते चार टन तेल मिळते. मोहरीच्या जातीची पिके आणि सूर्यफूल यांतून सुमारे पाऊण टन, सोयाबीनमधून अर्ध्या टनाच्या आसपास. दहा लाख टन तेल हवे असेल तर तेलताडाला तीन लाख हेक्टर पुरतात, सोयाबीनला वीस लाख हेक्टर लागतात. सोयाबीनपासून पेंडही मिळते, हे लक्षात घ्यायला हवे. तरी फरक मोठाच राहतो. ती जमीन कोठून येणार? दक्षिण अमेरिकेत सोयाबीनसाठीही जंगले आणि गवताळ प्रदेश तुटले आहेत.  आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१८च्या अहवालात हाच इशारा दिला होता: पामतेलावर सरसकट बहिष्कार टाकला तर नुकसान थांबणार नाही, ते दुसरीकडे सरकेल. नवे जंगल न तोडता तेल पिकवणे, हा खरा मार्ग. पण तो यमकात बसवणे कठीण.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. कंपनीने १७ पदार्थांतले पामतेल न काढता त्यांवरचे आपले नावच काढले, असे जानेवारी २०१९ मध्ये बीबीसीने दाखवून दिले. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफूल तेलाचा तुटवडा झाला, तेव्हा काही पदार्थांत तात्पुरते पामतेल परत आणत असल्याचे कंपनीने सांगितले. यावरून कंपनीला ढोंगी ठरवणे सोपे आहे. आम्हांला वाटते, यातून शिकायचे ते वेगळे आहे. तेल हा जगभर एकमेकांत गुंतलेला व्यवहार आहे. त्यातला एक धागा ओढला की दुसरा ताणला जातो.

या व्यवहारात आपण कडेला उभे नाही. जगात सर्वांत जास्त पामतेल भारत आयात करतो; अलीकडच्या काळात वर्षाला ७५ लाख टनांहून अधिक. २०२२च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत जो 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, साखर आणि चणाडाळीबरोबर एक लिटर पामतेल होते. ज्या घरातला फराळ त्या तेलात तळला गेला, त्या घरातल्या मुलाला ही चित्रफीत दाखवून 'पाहा, आपण काय करतो' असे सांगणे आम्हांला योग्य वाटत नाही. ब्रिटनमधल्या ग्राहकापुढे चार तेलांची निवड असते. या घरापुढे अनेकदा परवडणारे एकच तेल असते. चित्रफितीतली मुलगी कोणत्या घरातली आहे, याचा विचार तिच्या निर्मात्यांना करावा लागला नाही. आपल्याला करावा लागेल.

तरीही ही चित्रफीत वर्गात जरूर दाखवावी. मात्र ती पाठाच्या शेवटी न दाखवता सुरुवातीला दाखवावी. मुलांना रडू आले तर येऊ द्यावे. त्या पिल्लाविषयी वाटणारी कणव खरी आहे आणि तिच्यावाचून पुढचे प्रश्न विचारावेसेही वाटणार नाहीत. मग बिस्किटांच्या रिकाम्या पुड्या गोळा करून त्यांवरील घटक वाचावेत. भागाकार करावा. सोयाबीन पिकवणाऱ्या पालकांना एकरी उतारा विचारून यावा आणि त्यातून तेल किती निघेल ते काढावे. शेवटी मुलांना एकच काम द्यावे: हीच गोष्ट पुन्हा लिहा, पण आता तिच्यात तेलताडाच्या मळ्यात राबणारा मजूर आणि तेल विकत घेणारी आई हीही पात्रे असू द्या. गोष्ट दीड मिनिटात संपणार नाही. न संपलेली बरी.