अपुरे वाचन आणि पुरा अभिप्राय

दीर्घ व दुर्बोध कादंबरी वाचताना आनंद वाटेनासा झाला, तर ती शेवटास न्यावी की मध्येच ठेवून द्यावी? पदव्युत्तर वर्गात हा प्रश्न वरचेवर निघतो आणि बहुधा संकोचाने विचारला जातो. जणू पुस्तक अर्धवट सोडणे हा अपराधच होय. ह्या संकोचाचे मूळ आपल्या वाचनपरंपरेत आहे. 'पारायण' ह्या शब्दाची फोड 'पार' आणि 'अयन' अशी होते. पैलतीरी जाणे हाच त्याचा अर्थ. गुरुचरित्राच्या सप्ताहात सातवा दिवस गाळता येत नाही, कारण तेथे समाप्ती हा संकल्पाचाच भाग असतो. कादंबरीच्या वाचकाने असा कोणताही संकल्प केलेला नसतो.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास उपयुक्त असे एक जुने वचन जालना जिल्ह्याच्या परिचयाचे आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). त्यांच्या 'दासबोधा'चा विस्तार २० दशक व २०० समास इतका मोठा. परंतु पहिल्या समासाचा आरंभच श्रोत्यांच्या पृच्छेने होतो. हा ग्रंथ कोणता आणि त्याच्या श्रवणाने काय प्राप्त होते, असे ते विचारतात. लाभाविषयी विचारण्याचा श्रोत्याचा अधिकार समर्थांनी येथे मान्य केला आहे. त्याच समासात पुढे, ग्रंथ समूळ न पाहता त्यास दूषण ठेवणाऱ्याची त्यांनी कठोर निर्भर्त्सना केली आहे. समर्थांपुढे अर्थातच कादंबरी नव्हती. तरी ग्रंथ बाजूस ठेवणे आणि ग्रंथास दोष देणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत, हा विवेक आपल्याला येथून घेता येतो.

आता आधुनिक उदाहरण घेऊ. भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) ही सुमारे सहाशे पानांची कादंबरी अनेक वाचक मध्येच सोडतात. मोहेंजोदडोच्या उत्खननात गुंतलेला खंडेराव खानदेशातील मोरगावी परततो आणि स्मृतींच्या ओघात काळाचा क्रम विस्कटून जातो. जालना जिल्ह्याची उत्तर सीमा खानदेशास भिडलेली असली, तरी भोकरदनच्या वाचकासही तेथील बोलीतील अनेक शब्दांपाशी थबकावे लागते.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक भेद करणे प्राप्त आहे. दुर्बोधता दोन प्रकारची असते : भाषेची आणि रचनेची. अपरिचित बोलीतील शब्द प्रथम अडवतो. तोच चार प्रसंगांत पुन्हा भेटला की कोशावाचून उमगतो. म्हणजे कादंबरीची आरंभीची पाने ही पुष्कळदा तिची भाषा शिकण्याची पाने असतात, आणि तेथला कंटाळा हा कलाकृतीचा दोष नसून शिक्षणाचा श्रम असतो. यावरून एक व्यवहार्य कसोटी सुचते. कादंबरीची भाषा अंगवळणी पडेपर्यंत वाचावे. श्रम ओसरला आणि गोडी उपजली, तर पुढे जावे. भाषा परिचित होऊनही कंटाळा टिकला, तर तो रचनेशी वा आपल्या प्रकृतीशी निगडित आहे असे समजून पुस्तक निःसंकोच ठेवून द्यावे. मात्र 'हिंदू'सारख्या कृतीत विस्कळीतपणा हीच योजना असू शकते. शीर्षकातील 'अडगळ' हा शब्द त्याची सूचना देतो, आणि ती योजना साधली की फसली, हे अर्ध्यावर ठरवता येत नाही.

म्हणून सामान्य वाचकास जी मुभा आहे, ती समीक्षकास नाही. अध्यापकास आणि परीक्षार्थ्यासही नाही. आज अनेक उत्तरपत्रिकांत न वाचलेल्या कादंबऱ्यांवर निःशंक मते आढळतात. ती मार्गदर्शिकांतून उचललेली असतात. त्यांत निंदेपेक्षा स्तुती अधिक असते, विशेषतः लेखक ज्ञानपीठविजेता असेल तेव्हा. समर्थांनी निषेधिले ते न वाचता ठेवलेले दूषण. न वाचता वाहिलेले भूषणही त्याच न्यायाने निषेधार्ह ठरते.

'मला दोनशे पानांपुढे जाता आले नाही' हे विधान सत्य आहे आणि अभ्यासास उपयोगीही आहे. कोठे आणि कशामुळे थांबलो, हे विद्यार्थ्याने लिहिले तर वर्गात चर्चेला खरा आरंभ होईल. 'ही कादंबरी फसली आहे' असे म्हणायचे असेल, तर मात्र शेवटचे पान उलटण्यावाचून गत्यंतर नाही.