कूर्मदासाचे आख्यान आणि आपली पायरी



चाळीस वर्षे या देहाकडून कीर्तनसेवा घडली. त्यात कूर्मदासाचे आख्यान किती वेळा लावले, याचा हिशेब नाही. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येई, टाळकरी रंगून जात, आणि मी समाधानाने घरी येई. आता गुडघ्यांनी साथ सोडली. उभे राहून सेवा होत नाही. म्हणून बसल्या जागी महिपती महाराजांचा 'भक्तविजय' पुन्हा काढला. वाचता वाचता ध्यानात आले की, हे आख्यान मी आयुष्यभर अर्धेच सांगितले. पुढे जी टीका करणार आहे, ती आधी माझ्यावर आहे. मग तुम्हाला लागू पडली तर तुम्ही घ्या.

कथा तुम्हाला ठाऊक आहे. पैठणचा कूर्मदास, हातपाय नसलेला. पंढरीचा महिमा कानी पडला आणि तो सरपटत वाटेला लागला. लहुळपर्यंत आला. एकादशी तोंडावर, पंढरी अजून काही कोस दूर, आणि देह पुढे सरेना. तेव्हा पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांजवळ त्याने देवाला निरोप दिला. मग देव ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन निघाला, वाटेत अरणला सावतोबांच्या मळ्यात गेला, आणि पुढे लहुळला येऊन कूर्मदासाला भेटला. लहुळला कूर्मदासाचे मंदिर आजही आहे.

यावर आम्ही कीर्तनकार निरूपण काय करतो? 'बघा, हातपाय नसलेला माणूस पंढरीला निघाला, आणि तुम्ही धडधाकट असून तुमची वारी चुकते!' श्रोता लाजतो, आणि निरूपण साधले असे आम्हाला वाटते. पण नीट पाहा. या बोलण्यात 'तुम्ही' म्हणजे फक्त धडधाकट माणसे. समोरच्या मंडपात एखादा कूर्मदास बसला असेल, हे आम्ही गृहीतच धरत नाही. त्याच्या देहाचा दाखला करायचा आणि उपदेश दुसऱ्यांना करायचा, अशी आमची रीत. आणि खरोखरच तो मंडपात नसतो. का नसतो, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही.

आता कथेचा उरलेला अर्धा भाग पाहू. निरोप पोहोचल्यावर 'तू तिथेच नाम घे, तिथेच तुला माझे दर्शन' असे देवाने कळवले नाही. विटेवरून हलत नाही अशी ज्याची ख्याती, तो हलला. भक्ताच्याने जेवढे अंतर तुटेना, तेवढे देवाने तोडले. आख्यानाचे वर्म इथे आहे. कूर्मदासाची तळमळ मोठी आहेच. पण कथा केवळ तळमळीवर संपत नाही, ती देवाच्या चालण्यावर संपते. आम्ही मात्र चालण्याचे सगळे ओझे कूर्मदासावर टाकले आणि पुढे चालून जाणाऱ्यांना मोकळे सोडले.

दुसरी चूक शब्दांची. नाथमहाराजांच्या भारुडांत आंधळा आहे, बहिरा आहे, मुका आहे, पांगुळ आहे. ही सोंगे नाथांनी स्वतःवर घेतली. जीवाचे आंधळेपण, जीवाचे पांगळेपण ते आपल्याच तोंडाने कबूल करतात. म्हणून त्यात हिणवणे नाही, नम्रता आहे. आम्ही ते सोंग उचलून समोरच्याच्या अंगावर फेकले. 'परमार्थात पांगळा', 'अकलेचा आंधळा' असे म्हणत हशा पिकवला. त्या हशात एखादा खरा अंध श्रोता बसला असेल, तर त्याला काय वाटले असेल? संतांनी 'मी' म्हटले होते, आम्ही 'तो' केला. एवढ्या एका बदलाने भारुडाची शिवी झाली.

याच महाराष्ट्रात गुलाबराव महाराज होऊन गेले (१८८१–१९१५). तान्हेपणीच दृष्टी गेली, आयुष्य उणेपुरे चौतीस वर्षांचे, आणि ग्रंथरचना शंभराच्या वर. आपण त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे. पण त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे आणि त्यांचे बोलणे लिहून घेणारे हातही होते, हे विसरू नये. प्रज्ञा त्यांची होती. ती ग्रंथापर्यंत आणि ग्रंथातून आपल्यापर्यंत यायला वाट लागली, ती माणसांनी केली.

आता मला हे कशाने कळले, ते सांगतो. एक पखवाजी मला पंचवीस वर्षे साथीला होते. मधुमेहाने त्यांचा एक पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पुढे एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. देवळाला तीन पायऱ्या, वर उंच उंबरठा. हे गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बाहेर पारापाशी बसून कर्ण्यावर कीर्तन ऐकत होते. त्या दिवशी मी नेमके कूर्मदासाचेच आख्यान लावले होते. कीर्तन संपल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. हात जोडून म्हणाले, 'महाराज, आख्यान फार छान झालं. देव पंढरीहून लहुळपर्यंत आला. पण तुमच्या मंडपातून या पारापर्यंत कुणी आलं नाही.' मला उत्तर सुचले नाही.

ही गोष्ट मंडळींच्या कानावर घातली. उत्साही मंडळी, त्यांनी पुढच्या सप्ताहाआधी उतार बांधला. पायऱ्यांची उंची दीड फूट आणि उताराची लांबी चार फूट! ती घसरगुंडीच झाली. खुर्ची अर्ध्यावरून मागे आली. पखवाजी हसून 'राहू द्या' म्हणाले, आणि पुन्हा त्या देवळी आले नाहीत. दोन वर्षांनी ते वैकुंठवासी झाले. भाव चांगला असला तरी माप चुकले की सेवा वाया जाते, हे त्या चार फुटांनी शिकवले. एक फूट उंचीला किमान बारा फूट उतार लागतो. म्हणजे दीड फुटाला अठरा. दोन्ही बाजूंना धरायला कठडा, आणि दाराशी खुर्ची वळेल इतकी सपाट जागा. गावच्या गवंड्याला एवढे सांगितले तरी पुरे.

काही जण म्हणतात, 'आम्ही चौघे उचलून नेतो की, तीही सेवाच.' सेवा खरी, पण ती तुमच्या सवडीची. पहाटे काकड्याला यावेसे वाटले तर चौघे कुठून आणायचे? आणि रोज चार जणांच्या खांद्यावरून देवापुढे जाणे कोणाला रुचेल? काही म्हणतात, 'घरी बसूनही नामस्मरण होते.' होते, यात शंका नाही. मग तुम्ही आम्ही वारीला का जातो? संतसंग घरी मिळत नाही म्हणूनच ना? काही म्हणतात, 'पायरी ही मर्यादा आहे.' पंढरीची नामदेव पायरी आपल्याला वंद्य आहे, कारण संतांच्या चरणांची धूळ लागावी म्हणून नामदेवराय तिथे राहिले. कोणाला अडवण्यासाठी नव्हे.

देवाचे दार सर्वांना मोकळे असावे, यासाठी १९४७ साली पंढरपुरात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले. तिथे माणसांनी माणसांना अडवले होते. इथे आपल्या नकळत दगड अडवतो. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मी जाणतो. पण बाहेर राहिलेल्याला दोन्हीकडे दार बंदच दिसते. सार्वजनिक इमारती दिव्यांगांना सुगम असाव्यात, असे २०१६ चा कायदाही सांगतो. पण वारकऱ्याला हे कायद्याने सांगावे लागावे, याची मला लाज वाटते.

म्हणून विनंती आहे. पुढच्या सप्ताहाची बैठक भरेल तेव्हा वर्गणी आणि पंगतीबरोबर हाही विषय घ्या. उतार मापात आहे का? शौचालयाच्या दारातून खुर्ची आत जाते का? ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांचे पान मांडीइतक्या उंचीवर वाढाल का? खुर्चीतल्या श्रोत्याला टाळकऱ्यांजवळ जागा ठेवाल का? आणि आधी एक करा. गावात कोण कोण येऊ शकत नाही, ते त्यांच्या घरी जाऊन विचारा. निरोपाची वाट पाहू नका. कूर्मदासाला निरोप धाडावा लागला, तेवढे पुरे झाले.

त्या देवळाचा उतार आता नव्याने, अठरा फुटांचा झाला आहे. परवा काठी टेकत मीही त्याच उतारावरून वर गेलो. कठड्याला हात लागला तेव्हा पखवाज्यांची आठवण झाली. ज्यांच्या एका वाक्याने तो बांधला गेला, त्यांना तो मिळाला नाही. तुमच्या गावातल्या माणसाला तो वेळेवर मिळावा, एवढेच मागणे आहे.

रामकृष्ण हरि.